दुखणें अंगाचें कीं मनाचें?

कोणत्याहि मोठ्या सरकारी इस्पितळाच्या पडवींत सकाळच्या वेळीं जी रांग लागलेली असते, तिच्याकडे एकवार लक्षपूर्वक पाहावें. कोणाच्या पायाला प्लास्टर असतें, कोणाच्या कडेवर तापानें फणफणलेलें मूल असतें. त्यांचें दुखणें पाहणाराच्या डोळ्यांना दिसतें. परंतु त्याच रांगेंत एकादी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसलेली असते, आणि तिच्या बापाच्या हातांतल्या पिशवींत केसपेपरांची जाड चळत असते. गेलीं तीन वर्षें तिला झटके येत आहेत. गांवच्या देवऋष्यानें उतारा टाकून पाहिला, तालुक्याच्या डॉक्टरांनीं फेफऱ्याच्या गोळ्या दिल्या, शहरांतल्या डॉक्टरांनीं मेंदूचा विद्युत्-आलेख काढला व त्यांत कांहीं दोष नाहीं असें सांगितलें, आणि शेवटीं कोणीतरी बापाला बाजूला घेऊन म्हणालें, "हिला कांहीं झालेलें नाहीं. सारें मनाचें आहे." बापानें या वाक्याचा अर्थ आपल्या परीनें लावला. पोरगी ढोंग करते, असें तो समजला. झटके मात्र थांबले नाहींत. घरांतलीं बोलणीं वाढलीं तसे तेहि वाढले.

ही कोणा एका मुलीची हकीकत नव्हे. अशा पुष्कळ मुली, पुष्कळ बायका व पुष्कळ पुरुषहि इस्पितळांच्या दारांतून रोज आंतबाहेर करीत असतात. आश्चर्य असें, कीं त्यांच्या बाबतींत बहुतेकांनीं आपापलें काम केलेलेंच असतें. आलेख काढणारानें तो नीट काढलेला असतो, औषध देणारानें तें विचार करूनच दिलेलें असतें. पण सर्वांच्या कामाची बेरीज शून्य येते, कारण तो रोगी कोणाचाच राहिलेला नसतो. शरीराचे डॉक्टर म्हणतात, हें मनाचें. मनाविषयीं बोलणारे म्हणतात, आधीं शरीराचें पाहून या. असा कोणाचाच न राहिलेला रोगी आपला म्हणून हातीं घेणारा जो एक तज्ज्ञ आहे, त्याचें शिक्षण कसें होतें आणि त्यांतला कोणता भाग कधींहि गाळतां येणार नाहीं, हें आज मला श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे. इस्पितळांत त्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात. आपण त्याला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणूं.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. मनोविकारांचा डॉक्टर हा मुळांत वैद्यकाचा पदवीधर असतो. तो शरीर तपासतो, औषध लिहून देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ त्या वाटेनें आलेला नसतो. मानसशास्त्राची उच्च पदवी घेतल्यानंतर आणखी दोन वर्षें पूर्ण वेळ रुग्णालयांत राहून तो हें काम शिकतो. औषध देणें हें त्याचें काम नव्हे. त्याचीं कामें मुख्यत्वें तीन: रोग्याची स्मृति, बुद्धि, अवधान व मनःस्थिति यांची पद्धतशीर परीक्षा करणें, संभाषणाच्या व सवयी बदलण्याच्या मार्गानें उपचार करणें, आणि रोगी, त्याचे घरचे व त्याचे डॉक्टर या तिघांना एकमेकांचें म्हणणें कळेल अशा भाषेंत समजावून देणें. तिसरें काम वरकरणीं किरकोळ वाटतें. पण गुंतागुंतीच्या दुखण्यांत पुष्कळदा तेंच सर्वांत कठीण असतें.

या शास्त्राचा जन्मच मुळीं अशा एका गुंतागुंतींतून झाला. १८९६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत लाइटनर विट्मर या प्राध्यापकाकडे एका शिक्षिकेनें आपला एक विद्यार्थी आणला. त्या मुलाला शब्दांचे हिज्जे कांहीं केल्या येत नसत. विट्मरनें परीक्षा केली तेव्हां मुलाच्या दृष्टींत दोष असल्याचें आढळलें. त्याला चष्मा देण्यांत आला. पण तेवढ्यानें भागलें नाहीं. चष्म्याबरोबर शिकवणीचीहि जोड द्यावी लागली. पहिल्याच मुलानें या शास्त्राला जो धडा दिला, तो अजून जुना झालेला नाहीं. दोष शरीरांत सांपडला म्हणून मनाचें काम संपत नाहीं. आणि तक्रार मनाची दिसली म्हणून शरीराकडे पाठ फिरवितां येत नाहीं.

आपल्या देशांत या विचाराला इस्पितळांत जागा मिळण्यास कांहीं काळ लागला. कलकत्त्यास कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या इस्पितळांत १९३३ सालीं गिरींद्रशेखर बोस यांनीं मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९३८ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांतहि तसा विभाग निघाला. दरम्यान, १९३६ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा यांच्या नांवाच्या समाजकार्य-विद्यालयानें पुढच्याच वर्षीं बालमार्गदर्शन-केंद्र उघडलें. तोंवर मनाचें इस्पितळ म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें उंच भिंत आणि बंद दरवाजा येई. आतां तो विषय ताप-खोकल्याच्या रोग्यांच्या शेजारीं येऊन बसला. १९४६ सालीं भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मनोरुग्णांसाठीं इंग्लंडांत सुमारें ३०० लोकांमागें एक खाट होती, तर हिंदुस्थानांत सुमारें ४०,००० लोकांमागें एक, ही स्थिति त्या अहवालानें उघड केली. आणि खाटांबरोबरच हें काम जाणणारीं माणसें तयार करण्याची सोय झाली पाहिजे, अशी शिफारस केली. १९५४ सालीं बंगलोर येथें अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली, व १९५५ पासून तेथें मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठीं रुग्णालयीन शिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालू झाला. रांचीच्या मनोरुग्णालयानेंहि पुढें तोच मार्ग धरला. बंगलोरची ती संस्था १९७४ पासून 'निम्हान्स' या नांवानें ओळखली जाते. या अभ्यासक्रमाच्या पदविकेचें पुढें एम्. फिल्. झालें.

या व्यवसायाची नोंदणी १९९२ च्या कायद्याखालीं भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाची व्याख्या केली, तेव्हां पदवीच्या नांवाबरोबर दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास आणि देखरेखीखालीं केलेलें रुग्णकार्य यांचाहि त्यांत स्पष्ट उल्लेख आला. 'देखरेखीखालीं' हा शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. आजच्या सर्व विवेचनाचें सार त्या एका शब्दांत आहे.

नव्या उमेदवाराच्या हातीं प्रथम येतें तें परीक्षांचें साहित्य. मानसशास्त्रीय कसोट्या परदेशांतून जशाच्या तशा उचलून चालत नाहीं, ही गोष्ट आपल्याकडील अभ्यासकांनीं फार लौकर ओळखली. धारवाडच्या डॉ. कामतांनीं फ्रान्समधील बिने यांच्या बुद्धिमापनाच्या कसोट्यांना मराठी व कानडी मुलांना साजेल असें रूप दिलें. बिने-कामत या जोडनांवानें ती कसोटी पुढें अनेक दशकें आपल्या दवाखान्यांतून वापरली गेली. ज्यांना लिहितां-वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं डॉ. भाटिया यांनीं हातानें करावयाच्या कसोट्या बसविल्या व १९५५ सालीं प्रसिद्ध केल्या. उमेदवार या कसोट्या शिकतो, आणि प्रथम त्याला वाटूं लागतें कीं आंकडा हातांत आला म्हणजे माणूस हातांत आला. हा भ्रम जाण्यास बहुधा सहा महिने लागतात. एकाद्या मुलाचा बुद्ध्यंक कमी आला, तर त्याला ऐकूं नीट येतें कीं नाहीं, परीक्षेची भाषा त्याच्या घरची आहे कीं शाळेची, त्या सकाळीं तो उपाशी आला होता कीं काय, आदल्या रात्रीं त्याला झटका आला होता काय, हें विचारल्यावांचून त्या आंकड्याला अर्थ नाहीं. कसोटी शिकण्यास कांहीं आठवडे पुरतात. तिच्या निकालावर किती विश्वास ठेवावा, हें शिकण्यास वर्ष लागतें.

आतां त्या झटक्यांच्या मुलीकडे परत येऊं. समजा, ती अशा एका उमेदवाराकडे सोंपविली. तो तासभर विचारपूस करतो, आणि त्याला कळतें कीं दहावीनंतर मुलीची शाळा बंद करण्यांत आली, घरांत लग्नाचीं बोलणीं सुरू झालीं आणि पुढच्याच महिन्यांत पहिला झटका आला. उमेदवाराला आनंद होतो. कारण सांपडलें! तो घाईघाईनें टिपण लिहून मार्गदर्शकापुढें ठेवतो. मार्गदर्शक तें वाचून शांतपणें विचारतात: पहिला झटका कोणी पाहिला? ती एकटी असतांना झटके येतात कीं नाहीं? झोपेंत येतात काय? जीभ चावली गेली होती काय? लहानपणीं तापांत आंकडी आली होती काय? आलेख काढला तो झटका चालू असतांना, कीं दोन झटक्यांच्या मधल्या काळांत? उमेदवाराला यांतल्या निम्म्याहून अधिक प्रश्नांचें उत्तर देतां येत नाहीं.

या प्रश्नांना कारण आहे. फेफऱ्याच्या रोग्याचाहि दोन झटक्यांच्या मधला आलेख निर्दोष येऊं शकतो. म्हणून 'आलेखांत दोष नाहीं' एवढ्यावरून दुखणें मनाचें ठरत नाहीं. ज्या इस्पितळांत सोय आहे तेथें रोग्याला निरीक्षणाखालीं ठेवून चित्रफीत व आलेख एकाच वेळीं घेतात. प्रत्यक्ष झटक्याच्या वेळीं मेंदूंतील विजेची तसली खळबळ दिसली नाहीं, आणि झटक्याचें स्वरूपहि निराळें दिसलें, म्हणजे निदानाला भक्कम आधार मिळतो. त्यांतहि मेख अशी, कीं कांहीं रोग्यांना दोन्ही प्रकारचे झटके येतात. तेव्हां गोळ्या कमी करावयाच्या कीं नाहीं, हा निर्णय मेंदूच्या डॉक्टरांचा. आणि त्या एकदम बंद करणें तर धोक्याचेंच. उमेदवार येथें पहिला मोठा धडा शिकतो. कारण लौकर सांपडलें कीं आपण शोध थांबवितों, म्हणून लौकर सांपडलेल्या कारणाला भ्यावें.

निदान निश्चित झालें, तरी तें सांगावें कसें? 'सारें मनाचें आहे' या वाक्यानें काय घडलें तें आपण पाहिलेंच. लाजेनें कान लाल होतात, भीतीनें पाय लटपटतात. तें कोणी मुद्दाम करीत नाहीं, आणि तें खोटेंहि नसतें. हे झटके त्याच जातीचे. पायांतली शक्ति अशाच रीतीनें गेलेल्या रोग्यांच्या बाबतींत हूव्हर या वैद्यानें १९०८ सालीं एक सोपी खूण प्रसिद्ध केली होती. रोग्याला निजवून दुबळ्या पायाची टांच खालीं दाबावयास सांगितली तर त्याला दाबतां येत नाहीं. पण दुसरा पाय जोर लावून वर उचलावयास सांगितला, कीं तीच टांच आपोआप खालीं दाबली जाते. पूर्वीं या खुणेचा उपयोग कांहीं डॉक्टर रोग्याला 'पकडण्यासाठीं' करीत. आज जाणते डॉक्टर ती रोग्यालाच दाखवून म्हणतात, "पाहा, तुमच्या पायाकडे जाणारी वाट शाबूत आहे, ती वापरण्यांत अडथळा आला आहे, आणि तो दूर होण्यासारखा आहे." खूण तीच, परंतु एका वाक्यानें माणूस गुन्हेगार ठरतो आणि दुसऱ्यानें त्याला आशा मिळते. उमेदवाराला हें दुसरें वाक्य बोलण्यास शिकवावें लागतें. मार्गदर्शक स्वतः रोगी होऊन समोर बसतात आणि त्याच्याकडून तें चारचारदां म्हणवून घेतात.

त्यानंतर उपचार. झटक्यापूर्वीं मुलीला काय जाणवतें, छातींत धडधडतें कीं कानांत आवाज येतो, तें तिच्याकडून टिपून घ्यावयाचें. ती सूचना मिळतांच पाय जमिनीवर टेकून, समोरच्या वस्तूंचीं नांवें मोठ्यानें घेत, श्वास मंद करण्याचा सराव द्यावयाचा. झटक्याच्या वेळीं नाकाशीं कांदा किंवा चप्पल धरणें, तोंडावर पाणी मारणें, भोंवतीं गर्दी करणें हें सर्व बंद करावें असें घरच्यांना पटवावयाचें. आणि मुलीशीं एकटीशीं बोलावयाचें. प्रत्येक झटक्यामागें कांहीं दडविलेलें दुःख असतेंच असें नाहीं, आणि नसलेलें दुःख खोदून काढण्याचा मोह फार वाईट. पण असलें तर तें बापासमोर कोणी सांगणार नाहीं. शाळेचा प्रश्न, लग्नाचा प्रश्न, या गोष्टी मग योग्य वेळीं योग्य माणसांबरोबर बोलतां येतात.

याच्या अगदीं उलट प्रकारहि उमेदवारास पाहावा लागतो. अस्थिरोगाच्या वॉर्डांतून चिठ्ठी येते: 'सत्तर वर्षांचे गृहस्थ, खुब्याची शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झाले, बोलत नाहींत, जेवत नाहींत, खिन्न दिसतात, मानसिक आधाराची गरज.' उमेदवार आधार देण्याच्या तयारीनेंच जातो. पण आजोबांना बारा महिन्यांचीं नांवें उलट क्रमानें म्हणावयास सांगितलीं, तर दुसऱ्या-तिसऱ्या नांवावरच ते हरवतात. प्रश्न विचारतां विचारतां त्यांना गुंगी येते. नर्सबाई सांगतात कीं सकाळीं ते बरे बोलत होते, आणि रात्रीं त्यांनीं भिंतीवर कोणी बसलें आहे म्हणून बोट दाखविलें. ही खिन्नता नव्हे. हा आकस्मिक भ्रम आहे, आणि त्याचें मूळ शरीरांत शोधावयाचें असतें. जंतुदोष, रक्तांतील क्षारांचा बिघाड, लघवी तुंबणें, एकादें औषध, न शमलेली वेदना, यांपैकीं कांहींहि असूं शकतें. अशा वेळीं चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाचें सर्वोत्तम काम म्हणजे धांवत जाऊन वॉर्डाच्या डॉक्टरांना सांगणें, कीं हा रोगी माझ्यापेक्षां तुमचा अधिक आहे, आणि आतांच. तासभर गोड बोलत बसणारा उमेदवार येथें दयाळू ठरेल, पण रोग्याचें अकल्याण करील.

तिसरा प्रकार सांगण्यास जड आहे, परंतु तो गाळून हें शिक्षण काय असतें तें कळणार नाहीं. भाजलेल्या रोग्यांच्या वॉर्डांत एक तरुण बाई आहे. केसपेपरावर 'स्टोव्हचा भडका' असें लिहिलें आहे. सासू दिवसभर उशाशीं असते. मलमपट्टीच्या वेळच्या वेदना सुसह्य व्हाव्या म्हणून उमेदवार मुलीला तिच्याकडे पाठविलें आहे. ती बाईला श्वासाची पद्धत शिकविते, हात वर केला कीं पट्टी करणारे थांबतील असा करार करून देते. स्वतःच्या शरीरावर थोडा तरी अधिकार परत आला, कीं वेदना सोसण्याचें बळ वाढतें. चौथ्या दिवशीं सासू चहाला गेली असतां बाई हळूच म्हणते, "ताई, कोणाला सांगणार नसाल तर एक बोलूं?"

या एका प्रश्नापुढें सगळीं पुस्तकें मिटतात. 'नाहीं सांगणार' असें म्हणावें, तर उद्यां तें वचन मोडावें लागेल. 'सांगावें लागेल' म्हणावें, तर बाई कायमची गप्प होईल. ज्या उमेदवाराला नीट शिकविलेलें असतें, तिला यापूर्वींच, अगदीं पहिल्या भेटींत, काय गुप्त राहील आणि कोणाच्या जिवाला धोका असेल तर काय राहणार नाहीं, हें साध्या शब्दांत सांगण्याची सवय लावलेली असते. त्याचीच ती आठवण करून देते आणि मग ऐकते. ती पोलीस होत नाहीं, उलटतपासणी करीत नाहीं, बाईच्या तोंडीं शब्द घालीत नाहीं. जबानी घेणें हें ज्यांचें कायद्यानें काम आहे त्यांनींच तें करावयाचें असतें. पण बाई सुरक्षित कशी राहील, उशाशीं कोणी बसावें, डॉक्टरांना व समाजसेविकेला काय व केव्हां कळवावें, हें ती त्याच संध्याकाळीं मार्गदर्शकांपुढें मांडते. एकटीनें रात्रभर तें ओझें वाहत नाहीं. तिच्या स्वतःच्या मनांत जो संताप उसळलेला असतो, त्यालाहि तेथें वाट मिळते. नाहींतर तो संताप दुसऱ्या दिवशीं रोग्याच्या खाटेजवळ, नको त्या रूपानें, बाहेर पडतो.

श्रोतेहो, या तीन उदाहरणांत एक सूत्र आहे. पहिल्यांत शरीराचें म्हणून चाललेलें दुखणें मनाच्या मार्गानें आलेलें निघालें, दुसऱ्यांत मनाचें म्हणून पाठविलेलें दुखणें शरीराचें निघालें, आणि तिसऱ्यांत शरीर, मन आणि घर यांच्या गांठी एकींत एक बसलेल्या होत्या. 'अंगाचें कीं मनाचें' हा प्रश्न तिन्ही ठिकाणीं उपयोगी पडला नाहीं. उलट त्यानें वाट चुकविली. अमेरिकेंतील जॉर्ज एंजेल या वैद्यानें १९७७ सालीं प्रतिपादन केलें, कीं रोगाचा विचार शरीर, मन व समाज या तिन्ही अंगांनीं एकत्र झाला पाहिजे. तें तत्त्व आज विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतें. तथापि पाठ असणें निराळें आणि रोग्याच्या खाटेशीं उभें असतांना तें वेळेवर आठवणें निराळें. हें अंतर तुटतें तें अनुभवी माणसाच्या नजरेखालीं काम केल्यानें.

शस्त्रक्रिया शिकविणारा गुरु टेबलापलीकडे उभा असतो. शिष्याचा हात कोठें कांपला तें त्याला दिसतें. संभाषणाच्या उपचारांत ती सोय नाहीं. खोलीचें दार बंद असतें, आणि शब्दानें झालेली जखम रक्त दाखवीत नाहीं. म्हणून उमेदवारानें काय विचारलें, रोगी काय म्हणाला, मग उमेदवार गप्प कां बसला, हें शब्दाशब्दानें मार्गदर्शकापुढें सांगावें लागतें. रोग्याची संमति असेल तर ध्वनिमुद्रण ऐकविलें जातें. 'हें तुम्ही कशावरून म्हणतां?' हा प्रश्न दोन वर्षें रोज ऐकून शेवटीं तो उमेदवाराच्या स्वतःच्या मनांत वसतीस येतो. तो तेथें राहावयास आला, कीं शिक्षण पुरें झालें असें समजण्यास हरकत नाहीं.

त्याबरोबर प्रबंध लिहावा लागतो, त्याचें कारणहि हेंच. १९४९ सालीं अमेरिकेंत कोलोरॅडोमधील बोल्डर येथें या शिक्षणाचा विचार करण्यासाठीं एक परिषद भरली. महायुद्धांतून परतलेल्या हजारों सैनिकांच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न त्या देशापुढें उभा होता, आणि माणसें तर भराभर हवीं होतीं. तरीहि परिषदेनें ठरविलें कीं उपचार करणारा हा संशोधकहि असला पाहिजे. आपला उपचार लागू पडतो, असें ज्याचें त्याला नेहमींच वाटतें, देवऋष्यालाहि वाटतें. तें मोजून पाहण्याची शिस्त हाच दोघांतला फरक.

यावर एक रास्त आक्षेप येईल. २०१५-१६ मध्यें निम्हान्सनें १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणींत असें दिसलें, कीं प्रौढांपैकीं सुमारें दहांत एकाला कोणता ना कोणता मनोविकार आहे. आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोंचतच नाहींत. घर असें पेटलेलें असतां दोन दोन वर्षें एकेका माणसाला घडवीत बसण्यांत काय शहाणपण? त्यापेक्षां थोड्या महिन्यांत हजारों माणसें तयार कां करूं नयेत?

या आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे, आणि तो खरा असल्याचा पुरावा आपल्या शेजारीं गोव्यांतच मिळाला. तेथील प्राथमिक आरोग्यकेंद्रांतून, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण खास शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनीं खिन्नतेच्या रोग्यांना मदत केली. शास्त्रीय रीतीनें तुलना करून त्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१० व २०१७ सालीं प्रसिद्ध झाले, आणि रोग्यांना त्यापासून फायदा झाल्याचें दिसून आलें. साध्या सरळ दुखण्यासाठीं प्रत्येक गांवीं तज्ज्ञ पाहिजेच असें नाहीं, हें त्यावरून सिद्ध झालें. पण हे समुपदेशक वाऱ्यावर सोडलेले नव्हते. त्यांच्या कामावर सतत देखरेख होती, आणि जो रोगी त्यांच्या आवांक्याबाहेरचा असेल त्याला वर पाठविण्याची वाट ठरलेली होती. ही देखरेख करणारीं आणि वर पाठविलेल्या रोग्याला हातीं घेणारीं माणसें कोठून येणार? तीं लांबच्याच वाटेनें यावयाचीं. थोडक्या शिक्षणाचीं माणसें पुष्कळ हवीं असतील, तर पुऱ्या शिक्षणाचीं माणसें त्यांच्यामागें उभीं पाहिजेत. विहीर खोल खणली असेल, तरच पाट दूरवर नेतां येतो.

ही गोष्ट आज बोलण्याचें कारण असें, कीं या शिक्षणाची चौकट सध्यां बदलत आहे. २०२२ च्या नियमांनीं विद्यापीठ अनुदान आयोगानें एम्. फिल्. ही पदवीच बंद केली. या विषयापुरती मात्र कांहीं वर्षांची मुदत वाढवून देण्यांत आली. पदवीचें नांव बदलण्यांत कांहींच वाईट नाहीं. पूर्वीं पदविका होती, तिची एम्. फिल्. झाली, आतां आणखी कांहीं होईल. पण नांव बदलतांना पूर्णवेळ रुग्णालयांतला वास आणि मार्गदर्शकाची रोजची नजर या दोन गोष्टी जर पातळ झाल्या, तर त्याची झळ विद्यापीठाला लागणार नाहीं. ती पडवींत बसलेल्या त्या मुलीला लागेल, कारण पाटीवरचें नांव वाचून ती दार ठोठावणार, आणि आंत बसलेल्या माणसाला कोणीं, किती काळ, कोणत्या खाटेजवळ उभें करून शिकविलें, हें तिला कधींच कळणार नाहीं.

तेव्हां आपल्यापैकीं कोणावर असा प्रसंग आला, तर दोन गोष्टी कराव्या. उपचार करणाराला त्याचें शिक्षण व पुनर्वसन परिषदेकडील नोंदणी नम्रपणें विचारावी. नीट शिकलेला माणूस या प्रश्नानें रागावत नाहीं. आणि घरांत कोणाचें दुखणें तपासण्यांत सांपडलें नाहीं, तर 'सारें मनाचें आहे' हें वाक्य आपण तरी उच्चारूं नये. "दुखतें आहे हें खरें, कशानें दुखतें तें शोधूं," एवढें म्हणावें. दोन वर्षें राबून उमेदवार जें बोलावयास शिकतो, त्यांतला पहिला शब्द तोच आहे. आणि तो बोलण्यास पदवी लागत नाहीं.